‘वेडाचं कारण’ या रकान्यात कोणी काय लिहिलं? जुन्या मनोरुग्णालयांच्या नोंदींवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: “मी इतिहासात एम. ए. केलं आहे. पीएच.डी.साठी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्यातल्या वेड्यांच्या इस्पितळांवर काम करायचं मनात आहे. मार्गदर्शक म्हणतात, वैद्यक येत नसताना यात पडू नका. ओळखीचे एक मनोविकारतज्ज्ञ म्हणतात, त्या काळच्या नोंदींत शास्त्रीय असं काही नाही, वेळ घालवू नका. जुन्या नोंदींवरून त्या रुग्णांचं आज निदान करता येतं का? त्यातल्या आकड्यांवर भरवसा ठेवावा का? आणि सुरुवात कुठून करावी?”

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. नोकरीचा मोठा काळ सरकारी मनोरुग्णालयांत गेला आणि आता इतिहास, समाजशास्त्र, साहित्य अशा विषयांतले विद्यार्थी जुने अहवाल घेऊन माझ्याकडे येतात. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. निदान करायला जाऊ नका, मोजके अपवाद सोडून. आकडे टाकून देऊ नका, पण प्रत्येक आकडा कुणाच्या तोंडून निघाला आणि कुणाच्या लेखणीतून गेला हे कळेपर्यंत तो वापरू नका. आणि सुरुवात रोगापासून नव्हे, रकान्यापासून करा.

हे शेवटचं जरा उलगडून सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

मनोविकारशास्त्र शिकणाऱ्या डॉक्टरला पहिल्या महिन्यात जी केस लिहायला लावतात, तिच्यात नाव-गाव-वय झालं की लगेच एक ओळ असते: माहिती देणारा कोण, त्याचं रुग्णाशी नातं काय, तो रुग्णाबरोबर राहतो का, आणि त्याची माहिती कितपत विश्वसनीय व पुरेशी वाटते. लक्षणं त्याच्या नंतर. हृदयरोगाच्या डॉक्टरला या ओळीची इतकी गरज पडत नाही, त्याच्याकडे ईसीजी असतो. आमच्याकडे माणसांचं बोलणं असतं, आणि तेही बहुधा रुग्णाचं नव्हे, त्याला घेऊन आलेल्याचं.

एक नमुना देते. रात्री दोनला एक तरुण दाखल होतो. तीन रात्री झोप नाही, अखंड बोलतोय, भांडी फेकली. बरोबर थोरला भाऊ आणि आई. भाऊ म्हणतो, “परीक्षेचं टेन्शन घेतलं त्यानं.” आई म्हणते, “तसं काही नाही, अमावास्येला शेतावरून आला तेव्हापासून बिघडलाय.” दारात उभा असलेला शेजारी हळूच सांगतो की पोरगा महिनाभर गांजा ओढत होता. निवासी डॉक्टर थकलेला आहे, अजून चार जण बाहेर थांबलेत. केसपेपरवर ‘आजाराला निमित्त’ असा एक रकाना आहे आणि त्यात तो तीन शब्द लिहितो. कोणते तीन, हे बोलणाऱ्यांत कोणाचा आवाज मोठा होता, डॉक्टरला कोण शिकलेला वाटला आणि त्या आठवड्यात वॉर्डात कशाची चर्चा चालू होती यावर ठरतं. पुढे वर्षअखेरीला कुणीतरी कारकून ते तीन शब्द मोजतो आणि तक्ता होतो. शंभर वर्षांनी तुमच्यासारखा कुणी तो तक्ता काढून वाचेल.

आता हेच सव्वाशे वर्षं मागे न्या. १८५८ च्या छत्तिसाव्या कायद्यानुसार, रस्त्यावर भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा माणूस पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, मॅजिस्ट्रेटने वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मदतीने तपासायचा आणि वेडा ठरला तर इस्पितळात पाठवायचा हुकूम काढायचा. हुकुमाबरोबर माणसाच्या वर्णनाचा एक कागद जाई: नाव, जात, धंदा, आजार कधीपासून, आणि कारण. हा कागद बहुतेक वेळा पोलिसांनी केलेल्या चौकशीवर भरलेला. इस्पितळाचा अधीक्षक म्हणजे जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन, ज्याच्याकडे तुरुंग आणि दवाखानाही असे. तो रुग्णाला पुष्कळदा कारण विचारू शकत नसे, कारण भाषेची अडचण आणि समोरच्याची अवस्था. नातेवाईक बहुधा सोबत नसतच. मग पोलिसांच्या कागदावर जे कारण असेल तेच इस्पितळाच्या नोंदवहीत उतरे, नोंदवहीतून वार्षिक अहवालाच्या तक्त्यात जाई, आणि तक्त्यातून सरकारच्या ठरावात. फौजदाराने गल्लीत ऐकलेली सांगोवांगीची गोष्ट चार पायऱ्या चढली की वैद्यकीय आकडेवारी बनत होती.

हे मी आजच्या शहाणपणातून म्हणत नाही. त्याच काळात सरकारी आयोगानेच हे शोधून काढलं, आणि तुमच्या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल सगळ्यात आधी वाचावा असं माझं मत आहे.

१८९३ च्या मार्च महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला की हिंदुस्थानातल्या गांजा-भांग-चरस यांच्या लागवडीची, व्यापाराची आणि लोकांवर होणाऱ्या परिणामांची सरकार चौकशी करणार का? प्रश्नामागे दारूबंदीवाल्या खासदारांचा गट होता. सरकारने जुलैत सात जणांचा आयोग नेमला, ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, सदस्यांत तीन भारतीय. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यात त्या वेळी गांज्याची लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होई, त्यामुळे आपल्याकडच्या साक्षींत शेतकरी, ठेकेदार, मामलेदार, डॉक्टर, मिशनरी असा सगळा मेळा दिसतो.

गांज्याने वेड लागतं, याचा पुरावा म्हणून सगळे बोट दाखवत ते इस्पितळांच्या तक्त्यांकडे. आयोगाने काय केलं? तक्ते मान्य केले नाहीत आणि फेटाळलेही नाहीत. १८९२ या एकाच वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सगळ्या इस्पितळांत मिळून १३४४ जण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा किंवा त्याच्या भावंडांचं नाव होतं. आयोगाने या एकेका माणसाचा माग काढला. तो ज्या गावातून आला तिथे पुन्हा चौकशी करवली: घरच्यांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, आधी कधी वेडाचा झटका आला होता का, घराण्यात कुणाला होता का, गांजा खरोखर ओढत होता का, आणि ओढत होता तर आजारापूर्वीपासून की नंतर लागला.

चौकशीअंती २२२ पैकी फक्त ९८ प्रकरणांत गांज्याला कारण मानायला वाव उरला. म्हणजे एकूण दाखल झालेल्यांच्या ७.३ टक्के. त्यातही निव्वळ गांजा हेच कारण दिसलं अशी ६१. बाकीच्यांत मिरगी, आनुवंशिकता, दारू, इतर आजार असं काहीतरी सोबतीला होतंच. काहींच्या बाबतीत तर माणूस गांजा ओढत होता याचाच पुरावा सापडेना. मग त्याच्या रकान्यात तो शब्द आला कसा? फकीर-बैराग्याच्या वेशात सापडला, धंदा कळेना, नातेवाईक मिळेनात, आणि रकाना रिकामा ठेवलेला वरिष्ठांना खपत नसे. अशा माणसाच्या नावापुढे पटकन लिहिता येण्यासारखं, कुणालाही न खटकणारं कारण गांजा हेच होतं.

एक वाचक म्हणून मला या अहवालात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? त्याचा दुसरा खंड. तिथे या एकेका प्रकरणाची हकीगत छापली आहे. आधी इस्पितळाच्या नोंदीत काय होतं, मग चौकशीत गावात काय निघालं, मग निष्कर्ष. एका माणसाबद्दल दोन ठिकाणची माहिती शेजारी-शेजारी ठेवलेली पुन्हा इतक्या मोठ्या प्रमाणावर कुठे मिळणार? मुंबई, सिंध आणि वऱ्हाडकडच्या साक्षी सातव्या खंडात आहेत. खासदारांच्या भाषणांवर आणि अध्यक्षांच्या सारांशावर थांबणारे बरेच जण असतात. तुम्ही या खंडांत उतरा. याच आयोगाने कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांच्याकडून माकडांना गांज्याचा धूर देऊन प्रयोगही करवले होते. त्या प्रयोगांचं वर्णन वाचताना हसू येतं आणि वाईटही वाटतं.

इथे डॉक्टर म्हणून एक इशारा देणं माझं कामच आहे. हा अहवाल हाती लागला की काही जण “बघा, गांजा निर्धोक आहे हे १८९४ लाच सिद्ध झालं” असं म्हणायला लागतात. आयोगाने तसं म्हटलेलं नाही; माफक सेवन आणि अतिरेक यांत त्याने फरक केला, अतिरेकाने मनावर परिणाम होऊ शकतो हे मान्य केलं. नंतरचं संशोधन आणखी पुढे गेलं आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात लष्करात भरती झालेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला. पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहा पट दिसलं. त्यावरही वाद झाले: आजार सुरू होऊ घातलेला माणूसच गांज्याकडे वळतो का, वगैरे. पण कमी वयात आणि भरपूर ओढणाऱ्यांना धोका वाढतो, याबद्दल आज आम्हा लोकांत फारसं दुमत नाही. तेव्हा १८९४ च्या अहवालातून तुम्ही जे शिकायचं ते गांज्याबद्दल नाही, नोंदींबद्दल.

आता तक्त्यांकडे. मुंबई इलाख्याच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल १८७० च्या दशकापासून सलग छापलेले आहेत आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिशकालीन हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासाचे जे दस्तऐवज संगणकावर फुकट ठेवलेत, त्यांत ते घरबसल्या वाचता येतात. त्यांतले सगळे रकाने सारखे नाहीत. पैशाचे रकाने सगळ्यात भक्कम, कारण त्यांवर हिशेब तपासनिसाची नजर असे: माणशी खर्च, अन्नावर किती, कपड्यांवर किती, बागेतल्या भाजीचं उत्पन्न किती. त्यानंतर मृत्यू. मेलेला माणूस लपवता येत नाही. मृत्यूच्या कारणांत अतिसार, आमांश, क्षय, पटकी ही नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि इथे वैद्यक जाणणाऱ्याची मदत खरोखर उपयोगी पडते. पाणी कुठून येत होतं, संडास कुठे होते, कोणत्या महिन्यांत मृत्यू वाढले हे जुळवलं की इस्पितळाचा खरा चेहरा दिसू लागतो. त्या मानाने ‘बरे होऊन गेले’ हा आकडा सैल. इस्पितळ भरलं की बरे होणारेही वाढतात. हे आजही खोटं नाही. आणि सगळ्यात डळमळीत रकाना ‘कारण’. तोही दोन भागांत: शारीरिक कारणं आणि नैतिक कारणं. शारीरिकमध्ये ताप, ऊन लागणं, मिरगी, गांजा, दारू, आनुवंशिकता. नैतिकमध्ये दुःख, धार्मिक उन्माद, पैशाचं नुकसान, घरगुती कलह. ‘नैतिक’ म्हणजे आजच्या अर्थाने मानसिक, नीतीशी त्याचा संबंध नाही, हे लक्षात न घेता व्हिक्टोरियन नीतिमत्तेवर पानंच्या पानं लिहिलेला एक प्रबंधाचा मसुदा माझ्या हातून गेला आहे.

तुमचा विषय मुंबई इलाखा असेल तर नकाशा आधी नीट आखा. कुलाबा, पुणे, रत्नागिरी आलेच, पण धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधलं हैदराबादही त्याच मालिकेत येतात. नागपूर आज आपलं असलं तरी तेव्हा मध्य प्रांतात होतं. त्याचे अहवाल वेगळे शोधावे लागतात. ठाण्याचं नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून उभं राहिलेलं इस्पितळ विसाव्या शतकाच्या तोंडावरचं. ‘ठाण्याला पाठवा’ हा मुंबईकडचा टोमणा त्यानंतरचा. रत्नागिरीचं १८८६ चं.

निदानाच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या डॉक्टर मित्रांना बहुधा हेच खुपतंय की नोंदींत ‘मेनिया’ लिहिलंय पण आजच्या निकषांना पुरेशी लक्षणं लिहिलेली नाहीत. खरं आहे. त्या काळी खवळलेल्या, बडबडणाऱ्या, आवरत नसलेल्या जवळपास प्रत्येकाला मेनियात टाकत. आजच्या हिशेबाने त्यांत द्विध्रुवी विकार, स्किझोफ्रेनिया, मेंदूतला मलेरिया, मिरगीनंतरचा भ्रम, नशा असं सगळंच असणार. नुसत्या त्या शब्दावरून मागे जाऊन लेबल लावणं निरर्थक आहे. अपवाद कुठले? जिथे नोंद लक्षणाची आहे, निष्कर्षाची नाही. झटके येत, तोंडाला फेस येई, जीभ चावली जाई असं कुणी लिहून ठेवलं असेल तर मिरगी म्हणायला मला फार संकोच वाटणार नाही. बाळंतपणानंतर आठवड्याभरात सुरू झालेलं आणि काही महिन्यांत पूर्ण ओसरलेलं वेड असेल, तर प्रसूतीनंतरचा मनोविकार असा अंदाज करता येतो. तिथेही ‘अंदाज’ हा शब्द प्रबंधात राहू द्या.

मराठी वाचकांना जवळचं असं या मोहाचं उदाहरण म्हणजे सवाई माधवराव. ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात वरून कारंज्यावर पडून ते जबर जखमी झाले आणि २७ तारखेला वारले. वय एकवीस. ग्रँट डफने १८२६ मध्ये लिहिताना त्यांनी जाणूनबुजून उडी टाकली असं सरळ विधान केलं आणि त्याचा संबंध नाना फडणिसांच्या जाचाशी जोडला. दुसरी परंपरा सांगते की ते तापाने फणफणले होते आणि भ्रमात तोल गेला. आता एखादा मनोविकारतज्ज्ञ ‘नैराश्य’ म्हणेल, एखादा फिजिशियन ‘तापातला डिलिरियम’ म्हणेल, आणि दोघेही आपापल्या परीने पटेल असं बोलतील. डिलिरियममध्ये माणूस खिडकीतून चालत बाहेर पडतो हे मी वॉर्डात पाहिलं आहे, त्यामुळे माझा कलही तिकडे झुकतो. पण कल म्हणजे पुरावा नाही. इतिहासकाराने इथे विचारायचं ते वेगळं: आत्महत्या ठरल्याने कुणाचा फायदा होता? अपघात ठरल्याने कुणाची अब्रू राहात होती? कुठल्या पत्राचा लेखक त्या वेळी वाड्यात होता आणि कोण पन्नास कोसांवर बसून लिहीत होता? पुन्हा तीच ओळ. माहिती देणारा कोण.

म्हणून तुमच्या मार्गदर्शकांना मी म्हणेन की वैद्यक येत नाही ही या विषयातली मोठी अडचण नाही. साक्षीपुराव्याची शहानिशा तुम्हाला येते, आणि आमच्या शास्त्राला त्याची चणचण आहे. १९७२ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडनच्या इस्पितळांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचे रुग्ण लंडनपेक्षा खूप जास्त आहेत असं सरकारी आकडे सांगत होते. संशोधकांनी दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच पद्धतीने, त्याच त्या प्रश्नांनी तपासलं तेव्हा फरक जवळजवळ विरघळला. दोन्हीकडचे रुग्ण सारखेच होते. डॉक्टरांची सवय वेगळी होती. आकड्यांनी रुग्णांचं नव्हे, तर डॉक्टरांचं वर्णन केलं होतं. मनोविकारशास्त्राने त्यानंतर निकष घट्ट केले, १९८० ची मनोविकारांची अमेरिकन वर्गवारी त्याच अस्वस्थतेतून आली.

दुसरीकडे, आपल्या बाजूला सोयीचं असलं की मानव्यशाखेतले लोकही चौकशी करायचं विसरतात. १९७३ चा रोझनहान यांचा प्रसिद्ध लेख, ज्यात धडधाकट माणसं खोटं लक्षण सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि कुणाला कळलं नाही, तो आजही प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात येतो. २०१९ मध्ये पत्रकार सुझाना कॅहलन यांनी मूळ कागद धुंडाळून त्या प्रयोगातल्या बऱ्याच गोष्टींवर गंभीर शंका उभ्या केल्या. तेव्हा तो लेख वापरायचा तर ती शंकाही वापरा.

तसंच वेडाचा इतिहास लिहिणारा फ्रेंच विचारवंत फुको. फुको वाचा, पण मुंबई इलाख्यावर जसाच्या तसा लावू नका. वेडे, भिकारी, भटके यांना सरसकट डांबून ठेवण्याची युरोपात झालेली, त्याने वर्णिलेली ‘महाकोंडी’ इथेही झाली असं लिहायचा मोह सगळ्यांना होतो. १८९१ च्या जनगणनेनुसार ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या बावीस कोटींच्या घरात होती आणि १८९२ मध्ये इस्पितळांत दाखल झाले १३४४. तालुक्याच्या गावाला एक माणूससुद्धा वाट्याला येत नाही. म्हणजे बहुसंख्य वेडी माणसं घरी, देवळात, दर्ग्यात, रस्त्यावर होती आणि राज्यसंस्थेने त्यांच्याकडे बघितलंही नाही. मग जे थोडे आत गेले ते कोण? माझ्या वाचनात तरी ते बहुतांशी असे दिसतात: बाजारात, रेल्वे स्टेशनवर, साहेबांच्या वस्तीत ज्यांचा त्रास झाला ते, आणि ज्यांना परत न्यायला कुणी आलं नाही ते. इस्पितळाचा इतिहास लिहिताना तो वेडाचा इतिहास आहे असं समजू नका. फार तर तो पोलिसांच्या नजरेचा इतिहास आहे.

ही नजर फार काळ टिकली हेही सांगून ठेवते. १९१२ चा कायदा आला, मग १९८७ चा आला, पण पोलिसाने आणलेला भटका रुग्ण, मॅजिस्ट्रेट आणि ‘रिसेप्शन ऑर्डर’ म्हणजे दाखल करून घेण्याचा हुकूम ही साखळी कायम राहिली. मी नोकरीत असताना पहाटे हवालदार अशा रुग्णाला घेऊन येई, हातात कोर्टाचा कागद, नावाच्या जागी ‘अनोळखी इसम’, आणि हकीगत दोन ओळींत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आल्यावर ही रचना बदलली. त्यामुळे जुने कागद वाचताना १९९० च्या दशकात नोकरी केलेला एखादा निवृत्त मेट्रन किंवा वॉर्डबॉय भेटला तर त्याच्याशी जरूर बोला. नोंद कशी भरली जाते हे त्याला पुस्तकांपेक्षा जास्त माहीत असतं.

जनगणनेचं एक साधन दुर्लक्षित राहतं. १८८१ ते १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी यांची घरोघर गणना होत असे. आकडे कच्चे आहेत, कारण घरात वेडी मुलगी आहे हे लग्नाच्या वयाच्या बहिणी असताना कोण सांगेल? पण नेमकं हेच पाहण्यासारखं आहे. वयोगटानुसार स्त्रियांचे आकडे काढा आणि कुठल्या वयात ते गायब होतात बघा. लपवण्याचाही एक आकार असतो, आणि तो आकडेवारीत सापडतो.

छापील अहवालांवरच प्रबंध उभा करू नका. ते अधीक्षकाने वरिष्ठांसाठी लिहिलेत. मुंबईला काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात तेव्हाच्या मुंबई सरकारच्या जनरल डिपार्टमेंटचे खंड मागवा. त्यांत अहवालामागचा पत्रव्यवहार असतो. नवीन खोली का हवी, पहारेकरी का काढला, पाहणी करणाऱ्या व्हिजिटरांनी काय शेरा मारला, आणि क्वचित एखाद्या बापाचा किंवा नवऱ्याचा अर्ज: आमचा माणूस आम्हाला परत द्या, आम्ही जामीन देतो. मराठीतले मूळ अर्ज मोडीत निघायची शक्यता खूप, म्हणून मोडीचा वर्ग आत्ताच लावा. सोबत जोडलेल्या इंग्रजी भाषांतरात कारकुनाने अर्जदाराची अर्धी कैफियत गाळलेली असते. संपूर्ण दफ्तरात असे पाच-दहा अर्जही मिळाले तरी तुमचं एक प्रकरण तयार झालं, कारण ‘कारण’ रकान्यात पोलिसाने काय लिहिलं आणि घरच्यांना काय वाटत होतं हे तिथे एका माणसापुरतं का होईना समोरासमोर येतं.

आधी कोणी काय केलंय? वॉल्ट्राउड अर्न्स्ट आणि जेम्स मिल्स यांच्यापासून सुरुवात करा. मुंबई इलाख्यासाठी सारा अ‍ॅन पिंटो यांचं काम थेट तुमच्याच विषयावर आहे. सारा पिंटो नावाच्या दुसऱ्या एक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्याही भारतातल्या स्त्रियांच्या मनोविकारांवर लिहितात. दोघींच्या संदर्भांची सरमिसळ झालेली मी पाहिली आहे. वैद्यकाच्या अंगाने बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम केलेले संजीव जैन आणि त्यांचे सहकारी यांचं लेखन वाचा, कारण तिथे डॉक्टरच इतिहास लिहिताहेत आणि ते तुमच्या मित्राला दाखवता येईल.

नैतिक परवानगीबद्दल लोक गाफील राहतात. शंभर वर्षांपूर्वीचे छापील अहवाल वापरायला कुणाची आडकाठी नाही. पण एखाद्या चालू मनोरुग्णालयाच्या तळघरातल्या जुन्या केसपेपरांपर्यंत पोचलात तर गोष्ट वेगळी. २०१७ च्या कायद्यात रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्ट आहे, आणि १९६० च्या रुग्णाची नात आज त्याच गावात राहात असू शकते. नावं बदला, आडनाव-गाव-जात यांचं जे मिश्रण माणूस ओळखू देईल ते मोडा, आणि हे कसं केलंत ते प्रबंधात लिहा. छापील अहवालातसुद्धा एखाद्या रुग्णाचं पूर्ण नाव आणि गाव आलेलं असतं. कायद्याने ते वापरता येईल. मी वापरू देत नाही.

राहिली सुरुवात. एक इस्पितळ आणि एक दशक घ्या. माझी निवड विचाराल तर १८८८ ते १८९७, कारण गांज्याच्या आयोगाचं वर्ष मध्ये पडतं आणि आयोगाने कान उपटल्यावर ‘कारण’ रकान्यात काय फरक पडला हे तपासता येतं. १८९४ नंतर गांज्याचं प्रमाण खाली आलं का? आलं असेल तर त्याची जागा कोणत्या कारणाने घेतली, की ‘अज्ञात’ लिहायला लोक धजावले? दहा वर्षांचे दहा तक्ते, एक साधी स्प्रेडशीट, आणि प्रत्येक रकान्यापुढे तुमची एक टीप: हे कोण सांगत असेल. एवढ्या कामात विषय झेपतोय की नाही कळेल, आणि विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे (आरआरसी) जाताना हातात काहीतरी ठोस असेल. मार्गदर्शक इतिहासाचेच ठेवा. सहमार्गदर्शक म्हणून एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागातलं कुणी मिळालं तर घ्या, पण रोगांची नावं सुचवायला नव्हे, मृत्यूचे तक्ते आणि औषधांच्या याद्या वाचायला. केसपेपर बघायचा विचार पक्का असेल तर त्यांच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज विषय नोंदवण्याआधीच टाका. त्या बैठका आपल्या वेळापत्रकाने होत नाहीत, आणि तोपर्यंत मोडी शिकायला वेळ मिळतो.